कागदी ठेवा (लेखांक ९) : फसलेली मोटार आणि कार्डाची पाठ

मागील लेखांकात टपाल तिकीट पाण्यात भिजवून सोडवण्याची रीत पाहिली. पोस्टकार्डाला ती रीत मुळीच लावायची नाही. तिकीट आणि शिक्का गेला, की कार्डाचा जन्मदाखलाच गेला.

मोटारगाडीची थट्टा करणारी विसाव्या शतकाच्या आरंभीची कार्डे जमवणाऱ्यांना तर पाठ आधी वाचावी लागते, कारण चित्रावर साल सहसा नसते. पत्त्याशेजारी मजकूर लिहायची मुभा ब्रिटनने १९०२ मध्ये दिली, अमेरिकेने १ मार्च १९०७ पासून. त्याआधी निरोप चित्राच्या कडेला कोंबावा लागे. ब्रिटनमध्येच टाकलेल्या कार्डावर अर्ध्या पेनीचे तिकीट असेल, तर ते बहुधा जून १९१८ च्या आधीचे. त्या महिन्यात दर एक पेनी झाला. भारतात १८७९ पासून पाव आण्याला मिळणारे कार्ड १९२२ मध्ये अर्ध्या आण्यावर गेले.

साल कळले की विनोद उलगडतो.

चित्रांतले प्रसंग ठरलेले : बंद पडलेली मोटार ओढणारा घोडा, जीव घेऊन उडणाऱ्या कोंबड्या, गाडीखाली आडवा झालेला मालक, झुडपाआड घड्याळ घेऊन दबा धरलेला पोलीस. हा पोलीस खराखुरा होता. ब्रिटनच्या १९०३ च्या कायद्याने ताशी २० मैलांची मर्यादा घातली आणि १ जानेवारी १९०४ पासून गाडीला नंबर सक्तीचा झाला. पोलिसांच्या या सापळ्यांची सूचना सभासदांना मिळावी म्हणून १९०५ मध्ये मोटारवाल्यांनी संघटनाच काढली. पायी चालणाऱ्या बहुसंख्यांना मोटारीची वाटलेली धास्ती आणि तिच्या फजितीने झालेला आनंद या स्वस्त कार्डांनी टिपला, म्हणून ती जपायला हवीत.

मुंबईच्या रस्त्यावर मोटारी १८९८ च्या सुमारास आल्या. कोल्हापुरात जन्मलेले चित्रकार म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांनी त्यानंतरच्या वर्षांत मुंबईतल्या तऱ्हेतऱ्हेच्या माणसांची खुमासदार चित्रकार्डे केली. मराठी संग्राहकाने परदेशी मोटारकार्डांशेजारी त्यांना जागा द्यावी. एकाच काळातले दोन रस्ते समोरासमोर येतात.

आणखी एक प्रकार फोटोचा. युरोप-अमेरिकेतल्या जत्रांत रंगवलेल्या पुठ्ठ्याच्या मोटारीत माणसे बसवून फोटो काढत आणि तो पोस्टकार्डाच्या कागदावर छापून देत. आपल्याकडच्या जत्रांतल्या स्टुडिओंनीही अशा मोटारी उभ्या केल्या. वैनगंगेकाठच्या मार्कंड्याची महाशिवरात्रीची यात्रा न चुकवणाऱ्या चामोर्शीकडच्या एखाद्या घरात जुन्या पेटीत असा फोटो निघालाच, तर आधी भिंग धरावे. ठिपके दिसले तर ते छापील चित्र. सलग छटा दिसल्या तर खरा फोटो.

वैनगंगेकाठच्या पावसाळी दमटपणात कागदाला बुरशी लवकर धरते. त्यामुळे लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको, पीव्हीसीचे पाकीटही नको. पॉलिएस्टरच्या पाकिटात कार्ड उभे ठेवावे आणि पाकिटावर सापडल्याचे ठिकाण व घरात चालत आलेली हकिकत लिहावी.

(पुढील लेखांकात : एसटीची जुनी तिकिटे)