जगाने नाकारलेला माल, ब्राझीलने सांभाळलेला

माल पडून राहिल्याचा अनुभव नाही, अशी पेढी सापडणे कठीण. एका गावात ज्याला उठाव नाही तोच माल दुसऱ्या गावी हातोहात खपतो, हेही जुन्या व्यापाऱ्यांना ठाऊक असते. जपानच्या सेगा कंपनीचे ‘मास्टर सिस्टीम’ हे व्हिडिओ गेमचे यंत्र याचे विलक्षण उदाहरण आहे. जपान आणि अमेरिका या दोन्ही बाजारपेठांत ते साफ मागे पडले. ब्राझीलमध्ये मात्र पाव शतकाहून अधिक काळ ते दुकानांत नवेकोरे विकले जात राहिले.

१९८५ च्या ऑक्टोबरमध्ये हे यंत्र जपानमध्ये ‘मार्क थ्री’ या नावाने आले आणि पुढल्या वर्षी नव्या नावाने अमेरिकेत गेले. यंत्रात उणीव म्हणावी अशी नव्हती. त्यात झेड-८० ही त्या काळची भरवशाची चिप होती आणि पडद्यावर एका वेळी ३२ रंग उमटत. प्रतिस्पर्धी निन्टेन्डोच्या यंत्रापेक्षा त्याची चित्रे अधिक रंगीत दिसत. एक गैरसोय मात्र गमतीदार होती. खेळ मध्येच थांबवण्याची कळ हातातल्या कंट्रोलरवर नव्हे, यंत्रावरच होती. आईने जेवायला हाक मारली की मुलाला आधी उठून यंत्रापर्यंत जावे लागे.

पराभव झाला तो करारांमुळे. निन्टेन्डोने अमेरिकेत खेळ तयार करणाऱ्या कंपन्यांना अशी अट घातली होती की, आमच्या यंत्रासाठी केलेला खेळ दोन वर्षे दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर येता कामा नये. उत्तम माल असा एकाच गोदामात अडकला आणि सेगाला बहुतांशी स्वतःच्याच खेळांवर दुकान मांडावे लागले. युरोपात त्याचे बरे चालले. परंतु निन्टेन्डोच्या सावलीतून ते जगभरात कधी बाहेर आले नाही.

ब्राझीलमधील कथा सुरू होते १९८७ मध्ये. डॅनियल डॅझकल या उद्योजकाने ‘टेकटॉय’ नावाची कंपनी स्थापन केली. खेळण्यांच्या बाजारात तेथे मोठी जुनी नावे होती. इलेक्ट्रॉनिक खेळण्यांकडे मात्र कोणी गांभीर्याने पाहत नव्हते. ही मोकळी जागा त्यांनी हेरली. सेगाकडून प्रथम घेतले ते प्रकाशकिरणांनी नेम साधण्याचे खेळण्यातले पिस्तूल. त्याचा खप उत्तम झाला, दोन्ही पक्षांचा परस्परांवर विश्वास बसला आणि १९८९ च्या सप्टेंबरमध्ये मास्टर सिस्टीम ब्राझीलच्या दुकानांत आले.

ब्राझीलमध्ये परदेशी वस्तूंवर जबर आयातशुल्क होते. तयार यंत्र आणून विकणे म्हणजे सामान्य ग्राहकाला दारातूनच परत पाठवण्यासारखे होते. टेकटॉयने म्हणून ॲमेझॉनच्या अरण्यप्रदेशातील मनाउस शहरात उत्पादन केले. या शहराला १९६७ पासून मुक्त व्यापार क्षेत्र म्हणून करसवलती आहेत. मोठ्या बाजारपेठा हजारो किलोमीटर दूर दक्षिणेकडे, तरीही करांचा हिशेब मांडला की हा लांबचा रस्ताच स्वस्त पडे.

काळ मात्र कसोटीचा होता. यंत्र बाजारात येऊन जेमतेम सहा महिने झाले असतील, तोच १९९० च्या मार्चमध्ये नव्या सरकारने महागाई रोखण्यासाठी लोकांच्या बँकांतील ठेवी गोठवल्या. ज्यांनी असा काळ पाहिलेला नाही त्यांनी क्षणभर आपल्या चालू खात्याचा विचार करावा. पुढे १९९३ मध्ये महागाईचा वार्षिक दर दोन हजार टक्क्यांच्या वर गेला. सकाळी लावलेली किंमत कधी बदलावी लागेल, याचा नेम नव्हता. अशा देशात लहान मुलांच्या खेळण्यावर कोण खर्च करणार, असे कोणालाही वाटले असते.

टेकटॉयचे यश येथेच समजून घेण्यासारखे आहे. केवळ परक्याचा माल पुढे सरकवणारी मध्यस्थ पेढी होऊन ती राहिली नाही. ‘फँटसी स्टार’ हा लांबलचक, संवादांनी भरलेला खेळ तिने १९९१ मध्ये पोर्तुगीज भाषेत आणला. इंग्रजी न कळणाऱ्या मुलांना असा खेळ पूर्वी अर्धाच कळे. त्याच वर्षी एक जपानी खेळ बदलून त्यात मोनिका आणली गेली. मोनिका म्हणजे चित्रकार माउरिसिओ दि सोउझा यांनी १९६३ मध्ये आपल्याच मुलीवरून रंगवलेली चित्रकथेतील हट्टी, निर्भय मुलगी. ब्राझीलमध्ये तिला ओळखत नाही असे मूल नाही. मूळ खेळात तलवार घेतलेला नायक होता; येथे मोनिकाच्या हातात तिचा नेहमीचा निळा कापडी ससा आला. ती त्या सशानेच राक्षसांना बडवते. याला अहिंसा म्हणता येणार नाही हे खरे. पण तलवारीच्या जागी कापडी ससा देण्याची कल्पना घरातील वडीलधाऱ्यांना नक्कीच अधिक पटेल. शिवाय या खेळात नाणी जमवून दुकानांतून चिलखत, ढाल, बूट विकत घ्यावे लागतात. पैसा कशावर आधी खर्च करायचा, हे मुलाला स्वतःच ठरवावे लागते.

विक्रीनंतरही ग्राहकाशी नाते टिकवले गेले. खेळात अडलेल्या मुलांना दूरध्वनीवरून मार्ग सांगण्याची सोय होती, ग्राहकांचे मंडळ होते. निन्टेन्डो १९९३ मध्ये अधिकृतपणे ब्राझीलमध्ये उतरली, तोवर तिच्या यंत्रांच्या स्थानिक नकला तेथे चालत होत्या आणि टेकटॉयला चार वर्षांची आघाडी मिळाली होती. जगात इतरत्र या यंत्रासाठी नवे खेळ येणे थांबले, तेव्हा टेकटॉयने सेगाच्या हातात मावणाऱ्या ‘गेम गियर’ यंत्राचे खेळ याच्यासाठी रूपांतरित केले. दोहोंची आतली रचना जवळजवळ सारखीच होती. १९९७ मध्ये तर तिने ‘स्ट्रीट फायटर टू’ आणला. मूळ खेळाला सहा कळा लागत, येथे होत्या दोनच. तरीही तो बसवला.

सारेच सुरळीत झाले नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात नव्या यंत्रांच्या लाटेत टेकटॉय आर्थिक संकटात सापडली आणि तिला धनकोंपासून न्यायालयाचे संरक्षण मागावे लागले. त्यातून ती सावरली आणि जुने यंत्र विकतच राहिली. अखेरच्या आवृत्त्यांत १३२ खेळ यंत्रातच भरलेले असत. खोके उघडावे, टीव्हीला जोडावे, खेळायला बसावे. महागडे नवे यंत्र न परवडणाऱ्या कुटुंबासाठी मुलाच्या पहिल्या यंत्राची जागा यानेच भरून काढली. कंपनीने २०१६ च्या सुमारास सांगितलेला विक्रीचा आकडा ८० लाखांचा आहे. ब्राझील वगळता उरलेल्या साऱ्या जगातील विक्रीचा अंदाज एक ते सव्वा कोटीच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचे वजन कळते.

भारतातील अनेक घरांत याच काळात निन्टेन्डोच्या यंत्राच्या स्वस्त नकला होत्या. कार्ट्रिजवर हजारो खेळांची संख्या छापलेली असे आणि प्रत्यक्षात तेच पाच-दहा खेळ पुनःपुन्हा येत. त्या बहुतेक केव्हाच भंगारात गेल्या. मास्टर सिस्टीम मात्र आजही दुरुस्त केले जाते. ‘फँटसी स्टार’च्या कार्ट्रिजमध्ये खेळाची प्रगती जपून ठेवणारी एक छोटी बॅटरी आहे. तीस वर्षांनी ती संपते आणि खेळ सारे विसरून जातो. तेव्हा कोणीतरी कार्ट्रिज उघडतो, जुनी बॅटरी काढून नवी डाखतो आणि झाकण पुन्हा बसवतो. कळ दाबल्यावर पडद्यावर तीच पोर्तुगीज अक्षरे उमटतात.