घरात आलेला यंत्रमानव



२०१६ सालची गोष्ट सांगतो. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत 'लाइफ ओके' ह्या तेव्हाच्या वाहिनीवर 'बहू हमारी रजनी कांत' नावाची हिंदी मालिका सुरू झाली. शान नावाचा एक तरुण शास्त्रज्ञ यंत्राची एक बाई तयार करतो. दिसायला थेट माणसासारखी. पुढे योगायोगाने ती त्याच्याच घरची सून होते आणि घरातल्या मंडळींना पत्ताच नसतो की आपली सून हाडामांसाची नाही! आमच्या दीपनगरच्या घरात ही मालिका सगळे मिळून पाहत. मुले तर हसून हसून लोळत.

आमची आई अमळनेरकडची. घरात ती अहिराणीच बोलते. एके रात्री ती भुईमुगाच्या शेंगा सोलत मालिका पाहत होती. मध्येच थांबून म्हणाली, "हाई पोर जेवस कव्हय?" म्हणजे, ही मुलगी जेवते केव्हा?

मी म्हटले, "आई, ती यंत्र आहे. तिला जेवण लागत नाही."

आई म्हणाली, "लागत नसंल. पण घरातल्या एकानं तरी तिला विचारलं का?"

मुले पुन्हा हसली. माझे हसणे मात्र तिथेच थांबले. कारण आम्हा सर्वांची जेवणे उरकली होती, मी पान खात बसलो होतो, आणि माझी पत्नी आत ओटा पुसत होती. तिचे ताट अजून वाढलेले नव्हते. मीही तिला विचारले नव्हते.

मंडळी, आजच्या भाषणाचा विषय त्या रात्रीच्या प्रश्नातून निघाला आहे. यंत्रमानव म्हणजे नेमके काय, तो नाटकांत आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर कसा आला, आणि ह्या गोष्टी आपल्याला खरोखर कोणाविषयी काही सांगतात, एवढेच आज पाहू. मी साहित्याचा शिक्षक, यंत्रशास्त्राचा नव्हे. तेव्हा सोप्या भाषेतच बोलतो.

प्रथम यंत्र. आपल्यापैकी पुष्कळांच्या विहिरीवर मोटारीला 'ऑटो' बसवलेले असते. रात्री दोनला वीज येते. आपण झोपेत असतो, पण मोटार आपोआप सुरू होते आणि केळीला पाणी लागते. ह्या ऑटोत तीन गोष्टी आहेत. वीज आली हे त्याला कळते. आता काय करायचे हे आधीच ठरवून दिलेले असते. आणि ठरल्याप्रमाणे ते मोटार सुरू करते. कळणे, ठरवणे आणि करणे. आमच्या औष्णिक विद्युत केंद्रातही हेच तत्त्व आहे. तिथल्या ५०० मेगावॅटच्या संचात बाष्पकातल्या पाण्याची पातळी सतत मोजली जाते आणि ती कमीजास्त होताच पाणी सोडणारी झडप आपोआप हलते. यंत्रमानवात ह्याच तीन गोष्टी असतात. डोळ्यांच्या जागी कॅमेरा, मेंदूच्या जागी संगणक आणि स्नायूंच्या जागी लहान लहान मोटारी. म्हणजे विहिरीवरचा ऑटो हा यंत्रमानवाचा दूरचा भाऊच म्हणायचा. फरक एवढाच की त्याला चेहरा नाही, म्हणून त्याचे आपल्याला काही वाटत नाही.

चेहरा आला की सारे बदलते. मासाहिरो मोरी ह्या जपानी शास्त्रज्ञाने १९७० साली एक गमतीची गोष्ट मांडली. यंत्र जसजसे माणसासारखे दिसू लागते तसतसे ते आपल्याला आवडू लागते. पण अगदी माणसासारखे, तरी किंचित वेगळे, असे झाले की आपल्या अंगावर काटा येतो. शेतातल्या बुजगावण्याला आपण भीत नाही. पण तेच बुजगावणे अंधारात मान वळवून पाहू लागले तर? त्या किंचित फरकाच्या जागेवरच ही सगळी नाटके उभी आहेत.

माणसासारखे यंत्र करावे ही कल्पना नवी नाही. आपल्या सातपुड्यापलीकडे, माळव्यात धार येथे अकराव्या शतकात राजा भोज होऊन गेला. त्याच्या 'समरांगणसूत्रधार' ह्या ग्रंथात यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. दिव्यात तेल घालणारी बाहुली आणि दारावर पहारा देणारा यंत्राचा पुरुष अशा कल्पना त्यात आहेत. गंमत पाहा, यंत्राला पहिली कामे सांगितली ती दिवाबत्तीची आणि पहाऱ्याची. म्हणजे चाकराचीच!

'रोबोट' हा शब्द तर चाकरीतूनच जन्मला. कारेल चापेक नावाचा चेक नाटककार होता. त्याचे 'आर. यू. आर.' हे नाटक १९२० साली छापले गेले आणि १९२१ च्या जानेवारीत प्राग शहरात रंगभूमीवर आले. रोबोट हा शब्द त्याला त्याच्या भावाने, योसेफने, सुचवला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे सक्तीची मजुरी. आपल्याकडे जिला वेठबिगार म्हणत तीच. ह्या नाटकात एका बेटावरच्या कारखान्यात कृत्रिम माणसे तयार होतात. ती जगभर विकली जातात, सगळी कामे करतात, आणि शेवटी बंड करून मानवजात संपवतात. एकाच माणसाला ती जिवंत ठेवतात. कोणाला? अल्क्विस्ट नावाच्या बांधकाम करणाऱ्याला. का? तर तोही त्यांच्यासारखा स्वतःच्या हातांनी काम करतो म्हणून! ही एक गोष्ट वर्गात सांगून पाहा. मुले गप्प होतात.

आता दूरचित्रवाणीकडे येऊ. हेच नाटक ११ फेब्रुवारी १९३८ रोजी लंडनहून बी. बी. सी. ने दूरचित्रवाणीवर दाखवले, ३५ मिनिटांच्या संक्षिप्त रूपात. पडद्यावर आलेली ही पहिली विज्ञाननाटिका मानली जाते. म्हणजे दूरचित्रवाणी आणि यंत्रमानव ह्यांची ओळख अगदी बाळपणापासूनची. आपल्या मुंबई केंद्राचा जन्म त्यानंतर ३४ वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाला.

पुढे अमेरिकेत १९८५ ते १९८९ ह्या काळात 'स्मॉल वंडर' ही मालिका चालली. एक अभियंता यंत्राची मुलगी करून घरी आणतो आणि शेजाऱ्यांपासून ते गुपित लपवतो. ही मालिका आपल्याकडेही दाखवली गेली आणि तिच्यावरूनच 'करिश्मा का करिश्मा' ही हिंदी मालिका २००३ मध्ये आली. अशा मालिकांतला विनोद बहुधा एकाच जागेचा असतो. यंत्राला शब्द कळतात, पण बोलण्यामागचा भाव कळत नाही. आपण वैतागून म्हणतो, "जा, विहिरीत उडी मार." माणूस हसतो. यंत्र निघते विहिरीकडे!

युरोपात मात्र विनोद बाजूला ठेवून हाच विषय हाताळला गेला. स्वीडनमध्ये २०१२ साली एक मालिका झाली. तिच्या नावाचा अर्थ 'खरी माणसे'. तिच्यावरून २०१५ साली इंग्लंडमध्ये 'ह्यूमन्स' ही मालिका आली व २०१८ पर्यंत चालली. हॉकिन्स नावाचे एक साधे कुटुंब आहे. आई लॉरा कामानिमित्त बाहेरगावी असताना नवरा घरकामासाठी यंत्राची बाई विकत आणतो. धाकट्या मुलीला तिच्याकडूनच गोष्ट ऐकावीशी वाटू लागते, आणि लॉरा अस्वस्थ होते. काम वाचले म्हणून आनंद व्हावा, तर आपली जागाच गेली असे तिला वाटते. त्याच मालिकेत एक म्हातारे शास्त्रज्ञ आहेत. त्यांचा जुना यंत्रसेवक बिघडत चालला आहे, पण ते त्याला मोडीत काढू देत नाहीत. कारण त्यांच्या गेलेल्या पत्नीच्या आठवणी त्याच्यापाशी साठवलेल्या आहेत. आणि मोठी मुलगी? ती म्हणते, सात वर्षे खपून डॉक्टर कशाला व्हायचे? तोवर हे यंत्रच शस्त्रक्रिया करू लागेल.

मंडळी, हे शेवटचे वाक्य मी नाटकात ऐकले, आणि नंतर माझ्या वर्गातही ऐकले. शेतमजुराचा मुलगा, कॉलेजात येणारा घरातला पहिलाच. तो म्हणाला, "सर, निबंध आता मोबाइलच लिहून देतो. मग आम्ही बी. ए. करून काय करायचं?"

मी त्याला ताबडतोब उत्तर दिले नाही. खोटा धीर देणे मला जमले नसते. दुसऱ्या दिवशी त्यालाच विचारले, "तुझे वडील केळीचा घड काढायला झाला हे कसे ओळखतात?" तो म्हणाला, "बघून, हात लावून. त्यांना कळतं." मग मी त्याला हान्स मोराव्हेक ह्या यंत्रशास्त्रज्ञाचे मत सांगितले. संगणकाला गणित आणि बुद्धिबळासारखा खेळ शिकवणे त्यामानाने सोपे, पण वर्षाच्या मुलाला जे पाहता येते, उचलता येते, सावरता येते, ते शिकवणे फार अवघड. म्हणजे ज्याला आपण हलके काम म्हणतो, तेच यंत्राला जड जाते. चिखलाच्या बांधावरून घड डोक्यावर घेऊन चालणे, रडणारे मूल खांद्यावर घेऊन दुसऱ्या हाताने भाकरी उलटणे, ही कामे करताना भलेभले यंत्रमानव अजून अडखळतात.

तरी एवढ्यावर विसंबू नये. आज जे जमत नाही ते उद्या जमेल. २०१७ च्या डिसेंबरात 'सोफिया' नावाची यंत्रबाई साडी नेसून मुंबईच्या आय. आय. टी. त आली, तेव्हा तिला पाहायला तरुणांची झुंबड उडाली होती. इस्रोने २०२० साली 'व्योममित्र' ही अर्धमानवी यंत्रकन्या लोकांसमोर आणली. माणसाच्या आधी अंतराळात पाठवण्यासाठी ती तयार केली. यंत्रे येणारच. ऑटो आला तेव्हा रात्रीची पायपीट वाचली, हे चांगलेच झाले. प्रश्न एवढाच, की वाचलेला वेळ आणि पैसा कोणाच्या पदरात पडतो? मालकाच्या, की राबणाऱ्याच्याही? त्या मुलाला मी शेवटी हेच सांगितले, "हा प्रश्न यंत्र विचारणार नाही. तो विचारण्यासाठी तू शीक."

त्याचे समाधान झाले की नाही, ठाऊक नाही. पण दुसऱ्या वर्षीही तो वर्गात होता.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्यासाठी एक लहानसा पाठ सुचवतो. मुलांना सांगा, पहाटेपासून रात्रीपर्यंत आपल्या घरात जी जी कामे होतात त्यांची यादी करून आणा आणि प्रत्येक कामापुढे ते कोण करते हे लिहा. मग विचारा, यातले कोणते काम यंत्राला द्याल? कोणते देणार नाही? का? मी हा पाठ वर्गात घेऊन पाहिला. बहुतेक वह्यांत आईच्या नावापुढची यादी पानाखाली गेली. एका मुलीने सगळी कामे यंत्राला देऊन टाकली आणि खाली लिहिले, "मग आई आमच्याबरोबर जेवायला बसेल."

चापेकला जे सांगायला अख्खे नाटक लागले, ते आमच्या आईने शेंगा सोलता सोलता विचारले होते. यंत्रमानवाची गोष्ट ही यंत्राची नसतेच. ज्याच्या कामावर आपले घर चालते, पण ज्याला आपण माणूस म्हणून विचारायला विसरतो, त्याची ती गोष्ट असते.

त्या रात्री मी उठलो आणि पत्नीचे ताट वाढले. ती म्हणाली, "आज काय झालं तुम्हाला?" वर्षानुवर्षांच्या सवयी एका रात्रीत जात नाहीत, मी अजूनही विसरतो. पण आता निदान विसरलो हे लक्षात येते.