रोपवाटिकेतील चिलटे : कारण ओलाव्यात, उपाय पाण्याच्या हातात

भाजीपाल्याची रोपे वाफ्याऐवजी कोकोपीट भरलेल्या प्रोट्रेमध्ये तयार करण्याची पद्धत आता राज्यात सर्वत्र रूढ झाली आहे. टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी व फुलकोबी यांची रोपे शेडनेटगृहात वाढविणारे अनेक शेतकरी आहेत. बंदिस्त जागा, सतत ओले राहणारे माध्यम आणि एकामागून एक येणाऱ्या रोपांच्या खेपा यांमुळे या पद्धतीत एक लहानशी कीड घर करून बसते. ट्रेला हात लावताच माध्यमावरून उडणारी बारीक काळी चिलटे ती हीच. इंग्रजीत तिला ‘फंगस नॅट’ म्हणतात. पुष्कळ ठिकाणी ही चिलटे निरुपद्रवी समजून दुर्लक्षिली जातात; पुढे रोपे माना टाकू लागली म्हणजे दोष बियाण्यावर येतो आणि खरा अपराधी माध्यमात सुरक्षित राहतो.

किडीची ओळख

ही कीड ‘सियारिडी’ या कुळातील असून तिच्या ‘ब्रॅडिसिया’ या प्रजातीतील जाती रोपवाटिकांत विशेषेकरून आढळतात. प्रौढ माशी २ ते ४ मिलिमीटर लांब, काळसर, लांब पायांची व दिसण्यात डासासारखी असते. तिचे उडणे दुबळे असते. ती माध्यमाच्या लगत घुटमळते किंवा पृष्ठभागावरून धावते. ती चावत नाही व पानेही खात नाही.

अळी पांढरट व पारदर्शक असते. तिचे डोके चकचकीत काळे असून पूर्ण वाढलेली अळी ५ ते ६ मिलिमीटर लांब भरते. काळे डोके ही तिची निश्चित खूण होय. शेवाळावर वाढणारी दुसरी एक आखूड, जाडसर माशीही ओल्या जागी दिसते. तिच्या पंखांवर फिकट ठिपके असतात व तिच्या अळीला काळे डोके नसते. ती मुळांना सहसा उपद्रव देत नाही. मात्र पाणी अधिक होत असल्याची सूचना तीही देते.

जीवनक्रम

मादी ओलसर माध्यमाच्या वरच्या थरात, फटींत अंडी घालते. एक मादी सुमारे १०० ते २०० अंडी घालू शकते. सुमारे २४ अंश सेल्सिअस तापमानात ३ ते ६ दिवसांत अळ्या बाहेर पडतात. अळीची अवस्था दीड ते दोन आठवडे टिकते व कोषातून ४ ते ६ दिवसांनी माशी बाहेर येते. प्रौढ माशी आठवडाभर जगते. म्हणजे अंड्यापासून माशीपर्यंतचा फेरा अडीच ते चार आठवड्यांत पुरा होतो.

टोमॅटोचे रोप लागवडीयोग्य होण्यासही साधारण २५ ते ३० दिवस लागतात. त्यामुळे पहिल्या खेपेत थोडी चिलटे दिसतात, नुकसान जाणवत नाही. परंतु त्यांची पुढील पिढी त्याच जागी ठेवलेल्या दुसऱ्या खेपेच्या कोवळ्या रोपांवर तुटून पडते. अखंड चालणाऱ्या रोपवाटिकांत ही कीड अधिक का सतावते, याचे उत्तर यात आहे.

नुकसानीचा प्रकार

अळीचे मुख्य अन्न बुरशी, शेवाळ व कुजणारे सेंद्रिय पदार्थ हे आहे. अळ्यांची संख्या वाढली म्हणजे त्या रोपांची तंतुमुळे कुरतडतात व कोवळ्या बुंध्यातही शिरतात. मोठ्या झाडास हे सोसते. दोन-चार पानांच्या रोपास सोसत नाही. शिवाय पिथियम व फ्युजेरियम यांसारख्या रोगकारक बुरशी एका रोपाकडून दुसऱ्याकडे नेण्यास ही कीड साहाय्यभूत होते आणि कुरतडलेल्या मुळांतून रोगास वाट मिळते. रोपे पिवळी पडतात, खुरटतात व काही बुंध्याशी कोलमडतात.

सर्वांत मोठी चूक येथेच घडते. मुळे तुटलेले रोप माध्यम ओले असूनही माना टाकते. ते तहानलेले आहे असे समजून आणखी पाणी दिले जाते. त्या पाण्याने शेवाळ व बुरशी वाढते, चिलट्यांना अंडी घालण्यास आयती जागा मिळते आणि राहिलेली मुळेही जातात. यास्तव रोप सुकलेले दिसताच झारी उचलण्यापूर्वी माध्यमात बोट घालून पाहावे. माध्यम ओले आणि रोप मलूल असेल तर ते रोप पाणी मागत नाही, हे निश्चित समजावे. एखादे रोप उपटून त्याची मुळे तपासावीत.

अळ्यांची तपासणी

कच्च्या बटाट्याचे सुमारे १ सेंटिमीटर जाडीचे तुकडे करून माध्यमावर हलके दाबून ठेवावेत. ट्रेसाठी तुकडे कप्प्याच्या मापाचे असावेत. अळ्या बटाट्याकडे आकृष्ट होतात. तीन-चार दिवसांनी तुकडे उलटून खालची बाजू व त्याखालचे माध्यम पाहावे. काळ्या डोक्याच्या अळ्या दिसल्यास प्रादुर्भाव निश्चित झाला. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे प्रात्यक्षिक शेतकऱ्यांसमक्ष करून दाखवावे. डोळ्यांनी पाहिलेली अळी दहा व्याख्यानांपेक्षा अधिक पटते.

नियंत्रणाचे उपाय

१. पाण्याचे नियमन. हा मुख्य उपाय होय. अंडी व लहान अळ्या कोरड्या थरात तग धरीत नाहीत. ओले कोकोपीट गडद तपकिरी दिसते व सुकू लागताच फिकट होते. ट्रेचा वरचा थर फिकट झाल्यावर व ट्रे उचलून हलका लागल्यावरच पाणी द्यावे. कप्पे लहान असल्याने ते पूर्ण सुकू देऊ नयेत. केवळ पृष्ठभाग सुकणे पुरेसे आहे. पाणी सकाळी द्यावे, म्हणजे सायंकाळपर्यंत वरची ओल जाते. ढगाळ व पावसाळी दिवसांत पाण्याच्या ठरलेल्या पाळ्या कमी कराव्यात.

२. स्वच्छता. ट्रे जमिनीवर न ठेवता मांडवावर किंवा उंच गादीवर ठेवावेत. ट्रेखालील चिखल, साचलेले पाणी व शेवाळ काढून टाकावे, कारण अळ्या तेथेही वाढतात. मेलेली रोपे व वापरलेले माध्यम रोपवाटिकेपासून दूर न्यावे. ट्रे धुऊन, उन्हात वाळवून मगच पुन्हा भरावेत. कोकोपीट गरजेपुरतेच भिजवावे व उरलेले कोरड्या जागी झाकून ठेवावे. अर्धवट कुजलेले खत माध्यमात मिसळू नये. हीच चिलटे अळिंबीवरही पडतात. म्हणून अळिंबीच्या वापरलेल्या पिशव्या जवळपास टाकू नयेत.

३. पिवळे चिकट सापळे. सापळे माध्यमालगत आडवे ठेवल्यास माश्या अधिक सापडतात. पिवळा रंग दिलेल्या पत्र्यावर एरंडेल तेल लावूनही सापळा करता येतो. दर आठवड्यास सापडलेल्या माश्या मोजून नोंद ठेवावी. सापळ्याने कीड संपत नाही. परंतु ती वाढते आहे की घटते आहे, हे त्यावरून समजते.

४. जैविक उपाय. ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ या जिवाणूचा ‘इस्राएलेन्सिस’ हा प्रकार डासांच्या अळ्यांप्रमाणेच या अळ्यांवरही परिणाम करतो. तो अळीच्या पोटात जावा लागतो व लहान अळ्यांवर अधिक प्रभावी ठरतो, म्हणून माध्यमातून व आठवड्याच्या अंतराने पुन्हा द्यावा लागतो. पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी मिळणारा ‘कुर्स्टाकी’ हा प्रकार येथे निरुपयोगी आहे. दुकानात केवळ ‘बीटी’ मागू नये. वेष्टनावरील नाव वाचून घ्यावे. कडुनिंबातील अॅझाडिरॅक्टिन अळ्यांच्या कात टाकण्यात अडथळा आणते. तेही माध्यमात पोचले तरच उपयोगी पडते.

५. कीटकनाशके. उडणाऱ्या माश्यांवर वरून फवारणी करणे म्हणजे ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ असा प्रकार होय. माश्या मरतात, माध्यमातील अळ्या तशाच राहतात आणि थोड्याच दिवसांत नवी पिढी उडू लागते. कोणतेही औषध वेष्टनावर नमूद केलेल्या पिकासाठी, किडीसाठी व प्रमाणातच वापरावे.

घरातील कुंड्यांविषयी

घरात किंवा ओसरीवर कुंड्यांत लावलेल्या झाडांनाही हेच नियम लागू आहेत. कुंडीतील वरची २ ते ४ सेंटिमीटर माती सुकल्यावरच पाणी द्यावे. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नये. मातीवर जाड वाळूचा थर दिल्यास पृष्ठभाग लवकर सुकतो, परंतु पाणी आटोक्यात नसेल तर वाळूचाही उपयोग होत नाही. खाण्याच्या भाज्यांवर डास मारण्याचे फवारे मारू नयेत.

कोणताही उपाय एकदाच करून थांबू नये. अंडी, अळी, कोष व माशी या चारही अवस्था एकाच वेळी अस्तित्वात असतात. म्हणून निदान चार आठवडे उपाययोजना नेटाने चालू ठेवावी. या किडीवरील सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय प्रत्येक शेतकऱ्याच्या हाती आहे. पाणी देण्यापूर्वी माध्यमात बोट घालून पाहण्याची सवय जडली, तर चिलट्यांचे बस्तान बसणार नाही व रोपांच्या खेपा वाया जाणार नाहीत.