मंगळावरील मिथेन आणि न दिसलेल्या रेषा

ग्रहाच्या वातावरणात कोणते वायू आहेत, हे तेथे न उतरताही सांगता येते. प्रत्येक वायूच्या रेणूंची कंपने ठराविक असतात आणि त्या कंपनांशी जुळणारेच अवरक्त किरण ते रेणू शोषून घेतात. म्हणून वातावरणातून आलेल्या प्रकाशाच्या वर्णपटात विशिष्ट तरंगलांबींवर कृष्णरेषा उमटतात. रेषेच्या स्थानावरून वायूची ओळख पटते, तर तिच्या गडदपणावरून त्याच्या प्रमाणाचे अनुमान करता येते. परंतु अपेक्षित रेषा दिसलीच नाही, तर काय समजावे? मंगळावरील मिथेनच्या वादाने हा प्रश्न पुढे आणला आहे.

या वादाला महत्त्व येण्याचे कारण उघड आहे. पृथ्वीवरील मिथेनचा मोठा भाग जैव उगमाचा आहे. मात्र खडक व पाणी यांच्या अभिक्रियेतूनही तो निर्माण होऊ शकतो. सूर्यप्रकाशामुळे मंगळावरील मिथेन सुमारे ३०० वर्षांत नष्ट व्हावा. तेव्हा तो आज आढळला, तर त्याचा उगमही अलीकडचाच असला पाहिजे. मंगळाभोवती फिरणाऱ्या ‘मार्स एक्स्प्रेस’ यानाच्या निरीक्षणांवरून २००४ साली दर अब्ज रेणूंमागे सुमारे १० रेणू मिथेन असल्याचे जाहीर झाले. गेल विवरातील ‘क्युरिऑसिटी’ या गाडीच्या मापनांतून २०१८ साली सरासरी सुमारे ०.४ हे प्रमाण पुढे आले.

याच वर्षी ‘ट्रेस गॅस ऑर्बिटर’ या यानाने सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून आपले निरीक्षण आरंभिले. सूर्य मंगळाच्या कडेआड जाताना वा तेथून वर येताना त्याचा प्रकाश वातावरणातून तिरपा, शेकडो किलोमीटर प्रवास करून यानापर्यंत पोहोचतो. एवढ्या दीर्घ मार्गात विरळ वायूचीही रेषा उमटावी. शिवाय, वातावरणाबाहेरून थेट आलेल्या सूर्यप्रकाशाशीच तुलना होत असल्याने उपकरणाचे बरेचसे दोष आपोआप वगळले जातात. तरीही ३.३ मायक्रोमीटरजवळच्या मिथेनरेषा दिसल्या नाहीत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार मिथेन असलाच तर तो दर अब्जामागे ०.०५ हून अधिक नाही.

येथे एक मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. धुळीमुळे ही पद्धती पृष्ठालगतच्या काही किलोमीटरांच्या थरात सहसा पोहोचत नाही. ‘क्युरिऑसिटी’ची मापने मात्र पृष्ठावरची व बहुतांशी रात्रीची होत, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या दिवसाच्या मापनांत मिथेन आढळला नाही. रात्री स्थिर हवेत साचलेला वायू दिवसा विरत असावा, असे यावरून सुचविण्यात आले. तथापि असे रोज घडत असेल, तर तो वायू वातावरणात साठत जाऊन वरच्या थरांतही दिसावयास हवा. तो दिसत नाही, याचा अर्थ एकतर त्याचा नाश अपेक्षेहून पुष्कळ वेगाने होतो किंवा मूळ मापनाचाच फेरविचार करावयास हवा.

२०२० साली याच वर्णपटांत, मिथेनरेषांच्या शेजारीच, कार्बन डायऑक्साइडचा पूर्वी निरीक्षणात न आलेला एक पट्टा व ओझोनच्या रेषा आढळल्या. समोच्चारी शब्दाचा अर्थ जसा संदर्भावाचून ठरत नाही, तद्वत एकट्या रेषेवरून वायूचे नाव निश्चित करणे धोक्याचे असते. तात्पर्य, रेषेचा अभाव हाही पुरावाच होय. मात्र कोणत्या उंचीवर, कोणत्या वेळी व किती सूक्ष्मतेपर्यंत ती शोधली होती, हे सांगितल्यावाचून त्या पुराव्याला अर्थ प्राप्त होत नाही.