कारखान्यांतील ऊर्जाबचत : आरंभ गळतीपासून

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस छोट्या कारखान्यांच्या अनेक वसाहती आहेत. विजेचे बिल वाढले की तेथील मालक चिंतेत पडतो आणि पाठोपाठ कामगारही. ह्या बिलाला दुसरीही एक बाजू आहे. आपल्या देशातील बहुतांश वीज अजूनही कोळशावर तयार होते. त्यामुळे कारखान्यात वापरलेल्या प्रत्येक युनिटामागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो.

मोठ्या उद्योगांसाठी शासनाने २०१२ साली ‘पॅट’ ही योजना आणली. उद्दिष्टापेक्षा अधिक बचत करणाऱ्या कारखान्याला प्रमाणपत्रे मिळतात; मागे पडणाऱ्याला ती विकत घ्यावी लागतात. २०१२ ते २०१५ ह्या पहिल्या टप्प्यात सिमेंट, पोलाद, कागद आदी आठ क्षेत्रांतील ४७८ कारखाने होते. त्यांनी मिळून सुमारे ३.१ कोटी टन कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन टाळले. छोटे कारखाने मात्र ह्या योजनेच्या कक्षेबाहेर राहिले. त्यांनी काय करावे?

आमच्या मते, आरंभ कॉम्प्रेसरपासून करावा. दाबाखालील हवा ही कारखान्यातील अत्यंत महाग वस्तू आहे, कारण कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेचा बहुतेक भाग उष्णतेच्या रूपाने निघून जातो. उरलेल्या हवेतील २० ते ३० टक्के हवा अनेक ठिकाणी सैल जोडांतून व फाटक्या नळ्यांतून गळते. हवा दिसत नाही, म्हणून हे नुकसानही दिसत नाही.

गळती मोजणे सोपे आहे. जेवणाच्या सुट्टीत हवा वापरणारी सर्व यंत्रे बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवावा. समजा, तो दोन मिनिटे हवा भरतो व सहा मिनिटे विनाभार राहतो. आठपैकी दोन मिनिटे, म्हणजे गळती २५ टक्के. २२ किलोवॅटचा कॉम्प्रेसर रोज आठ तास, वर्षाचे ३०० दिवस चालत असेल, तर ढोबळमानाने १३,२०० युनिट वाया जातात आणि सुमारे नऊ टन कार्बन डायऑक्साइड विनाकारण निर्माण होतो. जोडांवर साबणाचे पाणी लावले की बुडबुडे गळतीची जागा दाखवतात. हवेचा दाब गरजेहून अधिक असल्यास एक बारने उतरवावा. त्याने आणखी सहा-सात टक्के वीज वाचते.

नवी यंत्रे, सौर पॅनेल ह्यांचेही महत्त्व आहेच. परंतु त्यांना भांडवल लागते. गळती थांबवण्यास लक्ष लागते, आणि ते यंत्राशेजारी उभ्या असलेल्या कामगाराइतके दुसऱ्या कोणाचे असणार? मालकाने त्याचे ऐकून घेतले पाहिजे. वीजखर्चात बचत झाली तर कामगार कमी करून खर्च वाचवण्याचा मोहही टळेल.

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात कमीत कमी ऊर्जा लागणाऱ्या उत्पादनपद्धतींचा पुरस्कार केला आहे. आपल्या धर्मग्रामांतील कारखानदार व कामगार बंधुभगिनींनी ह्या आठवड्यातील एक जेवणाची सुट्टी ह्या तपासणीसाठी द्यावी, अशी आमची विनंती आहे.