विहारातील संगणक आणि यूपीएसचा हिशेब

आपल्या वस्त्यांमधील अनेक विहारांत आता अभ्यासिका झाली आहे, तिथे संगणकही आला आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज मुले-मुली तिथेच बसून भरतात. महाडीबीटीचा अर्ज अर्ध्यावर असताना वीज गेली की तासाभराचे काम पाण्यात. ती शेवटची तारीख असेल तर वर्षाची शिष्यवृत्तीच धोक्यात येते. त्यामुळे यूपीएस आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. पण तो वर्गणीच्या पैशातून घ्यायचा असतो, म्हणून दुकानदाराच्या शब्दावर न जाता थोडा हिशेब करावा.

यूपीएसचे काम संगणक दिवसभर चालवणे नव्हे. लिहिलेले जतन करून यंत्र रीतसर बंद करण्यापुरती सवड तो देतो. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची एक बॅटरी असते. गुणाकार केला तर ८४ वॉट-तास. वेगाने उपसताना आणि वीज बदलताना त्यातली निम्मी गळते. म्हणजे शंभर-सव्वाशे वॉटचा संगणक नव्या बॅटरीवर पंधरा-वीस मिनिटे चालेल. खोक्यावरचा ६०० हा आकडा वॉटचा नाही, हेही लक्षात ठेवावे. खरी क्षमता ३६० वॉटच्या आसपास असते. लेझर प्रिंटर यूपीएसला कधीच जोडू नये, तापताना तो एकदम जास्त वीज ओढतो. जयंतीच्या दिवशी त्याच यूपीएसवर ॲम्प्लिफायर लावणारे उत्साही कार्यकर्तेही आपल्याकडे कमी नाहीत!

मोबाइलवरून अर्ज भरणाऱ्यांना तर एवढाही खर्च नको. वायफायच्या राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. राउटरला फार थोडी वीज लागत असल्याने तो काही तास टिकतो. मात्र राउटरच्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट जुळवूनच घ्यावा.

२००५ नंतरच्या भारनियमनाच्या काळात घरोघरी इन्व्हर्टर आले. त्यावर पंखे व दिवे उत्तम चालतात. संगणकही चालवायचा असेल तर इन्व्हर्टरच्या मागील बटण 'यूपीएस'वर ठेवावे, नाहीतर वीज जाताच संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतो. पाण्याच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, नळाचे नको. चार्ज होताना ती हायड्रोजन वायू सोडते, म्हणून बंद कपाटात ठेवू नये आणि तिच्याजवळ मेणबत्ती-उदबत्ती लावू नये. विहारात हे विशेष जपावे.

या सर्वांआधी अर्थिंग. चाळींत तीन पिनांच्या प्लगची जाड पिन मोडून वापरतात, काही वायरमन न्यूट्रलच अर्थला जोडून मोकळे होतात. अशा ठिकाणी न्यूट्रल तुटली तर यंत्राच्या पत्र्याला हात लावणाऱ्या मुलाला धक्का बसेल. त्यापासून यूपीएस वाचवत नाही. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, त्यावर खर्चलेला पैसा कधीही जास्त नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. वीज हा विषयही त्यांच्याकडे होता आणि ती मुबलक व स्वस्त मिळावी असा त्यांचा आग्रह होता. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच काळात, १९४४ मध्ये स्थापन झाले. तेव्हा वस्तीत वीज वारंवार जात असेल तर नुसत्या बॅटऱ्या घेत बसू नये. सर्वांच्या सह्यांचा लेखी अर्ज वीज कार्यालयात द्यावा आणि पोच घ्यावी.

यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते. ती भंगारात देऊ नये. शिसे काढण्यासाठी बॅटऱ्या फोडण्याचे काम गरिबांच्याच वाट्याला येते, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. २०२२ च्या नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानात द्यावी, तिची किंमत बिलातून वजा करून घ्यावी आणि ती वजावट विहाराच्या जमाखर्चात लिहावी.