शब्द ऐकू येतात का?

१९७३ साली यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्षपदी ग. दि. माडगूळकर होते. त्यांनी कथा, कविता, पटकथा असं पुष्कळ लिहिलं. पण घराघरात ते पोचले गाण्यांमुळे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून त्यांचं गीतरामायण सुरू झालं. सुधीर फडक्यांच्या चालीतली ती ५६ गाणी ऐकायला लोक रेडिओपुढे हात जोडून बसत, असं जुनी माणसं सांगतात. शेहेचाळीस वर्षांनी, जानेवारी २०१९ मध्ये, संमेलन पुन्हा यवतमाळला आलं आणि अध्यक्ष झाल्या अरुणा ढेरे, म्हणजे कवयित्री आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक. एकदा गीतकार, एकदा ओव्या-लोकगीतांवर जीव टाकणारी लेखिका. गाण्याशी सोयरीक असलेली माणसंच आमच्या वाट्याला आली.

मी इथे यवतमाळला मराठी घेऊन बी.ए. करते. अभ्यासक्रमात कादंबरी आहे, नाटक आहे, संतकविता आहे. परंतु ज्या गाण्यावर अख्खा वर्ग स्नेहसंमेलनात नाचतो, त्याबद्दल एक ओळही नाही. लोकप्रिय गाणं म्हणजे हलकं, असा एक अलिखित करार दिसतो. माझी तक्रार वेगळी आहे. गाणं हलकं की भारी हे ठरवण्याआधी ते कशावरून वाजतं आणि त्यातले शब्द कानापर्यंत येतात का, हे बघायला हवं. आमच्या जिल्ह्याचा मागचा शंभरेक वर्षांचा गाण्याचा इतिहास मला तरी याच प्रश्नाचा इतिहास वाटतो.

सुरुवात खंजिरीपासून करावी लागते. लाकडाचं एक कडं, एका बाजूला ताणलेलं कातडं, कडेला बारीक झांजा. एका हातात मावते, झोळीत जाते, वीज लागत नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी ३० एप्रिल १९०९ ला जन्मलेल्या माणिक इंगळे नावाच्या मुलाचे पुढे तुकडोजी महाराज झाले, त्यांनी हे वाद्य वऱ्हाडात घरोघरी नेलं. खंजिरीची गंमत अशी की ती शब्दांना जागा देते. थाप पडते, झांज छुमकते आणि मधल्या मोकळ्या वेळात ओळ स्वच्छ ऐकू येते. ओळ संपली की समोरचे शे-दोनशे लोक ती परत म्हणतात. लाऊडस्पीकर नसलेल्या मैदानात शेवटच्या रांगेपर्यंत मजकूर पोचवायची ही पक्की युक्ती होती.

तो मजकूर किती दूर गेला हे इंग्रज सरकारनेच सांगून ठेवलं आहे. १६ ऑगस्ट १९४२ ला चिमूर आणि आष्टी इथे लोक पेटून उठले. या उठावामागे तुकडोजींच्या भजनांची चेतना होती, हे तेव्हाही उघड होतं. त्याच महिन्यात चंद्रपूरला त्यांना अटक झाली आणि नागपूर, रायपूरच्या तुरुंगात ठेवलं गेलं. खंजिरी वाजवणाऱ्या माणसाला सरकारने घाबरावं, याहून मोठा पुरावा गाण्याच्या परिणामाचा कुठला द्यायचा? आजही आमच्याकडच्या कितीतरी गावांत तुकडोजींच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना संध्याकाळी होते आणि त्यांच्या ग्रामगीतेचं वाचन चालतं. अकोला जिल्ह्यातले सत्यपाल महाराज एका वेळी सात खंजिऱ्या वाजवून हुंडा, दारू, अंधश्रद्धा यांवर बोलतात. त्यांच्या कार्यक्रमाला तरुण पोट्टेही बसतात आणि उठत नाहीत. सात खंजिऱ्यांचा चमत्कार बघायला आलेला माणूस दोन तास प्रबोधन ऐकून जातो. खरी हातचलाखी ती आहे.

पोळ्याच्या झडत्या हा असाच आणखी एक प्रकार. आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात, मानाची जोडी पुढे असते आणि पोळा फुटायच्या आधी एकेक जण पुढे येऊन यमक जुळवलेल्या ओळी ठसक्यात म्हणतो. शेवटी सगळे महादेवाचा गजर करतात. त्या ओळींत कापसाचा भाव असतो, बियाण्याची बनवाबनवी असते, सरपंचाला चिमटा असतो, निवडणुकीत येऊन गेलेला पुढारी असतो. यवतमाळ म्हटलं की बाहेरच्यांना शेतकरी आत्महत्याच आठवतात. त्यांनी एकदा झडत्या ऐकाव्यात. कर्जाखाली दबलेला माणूस किती धारदार बोलू शकतो ते कळेल. या ओळींना संगीतकार नाही, निर्माता नाही, हक्क कोणाचे हा प्रश्न नाही. चांगली झडती पुढच्या पोळ्याला शेजारच्या गावात पोचलेली असते. बोरीअरबचे शंकर बडे वऱ्हाडीतून कविता म्हणायचे तेव्हा सभागृहात जो हशा पिकायचा, त्याचं बी मला या तोरणाखाली दिसतं.

मग कॅसेट आली. त्याआधी गाणं रेकॉर्डवर यायचं तर ग्रामोफोन कंपनीचा उंबरा ओलांडावा लागे, आणि तो सगळ्यांसाठी नव्हता. ऐंशीच्या दशकात टी-सीरीजसारख्या कंपन्यांनी कॅसेट स्वस्त केली. दोन कप्प्यांचा टेपरेकॉर्डर असला की घरबसल्या प्रत निघू लागली. याचा सर्वांत मोठा फायदा भीमगीतांना झाला, असं माझं मत आहे. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडीचे. अक्षरओळख मोठेपणी झालेल्या या माणसाने हजारो गाणी रचली आणि गावोगाव फिरून गायली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप आणि पुढे आनंद व मिलिंद शिंदे यांचे आवाज कॅसेटवरून विदर्भातल्या वस्त्यांत पोचले. चाल पुष्कळदा ओळखीची असे, कधी कव्वालीच्या वळणाची, कधी एखाद्या सिनेगीताची. त्यामुळे कान चालीवर अडकत नसे, सरळ शब्दांकडे जाई. बाबासाहेबांचं शिक्षण, महाडचं तळं, १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षा हा सगळा इतिहास कित्येक घरांत पुस्तकाच्या आधी गाण्यातून शिरला. आमच्या गल्लीतल्या एका आजींना शाळेचं तोंड माहीत नाही, पण गोलमेज परिषद कशासाठी होती हे त्या मला माझ्या राज्यशास्त्राच्या गाईडपेक्षा नीट सांगतात. विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच कोसळले आणि गेले. त्या आजी ही गोष्ट एखाद्या नातलगाची सांगावी तशी सांगतात.

आता माझ्या पिढीकडे येते. २९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ लागला तेव्हा मी शाळेत होते. अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतातला सिंफनीचा भाग लॉस एंजेलिसला जाऊन ध्वनिमुद्रित केला होता. सोलापूरकडच्या मातीतल्या प्रेमकथेला पाश्चात्त्य वाद्यवृंद, ही कल्पनाच धाडसाची. आमच्यापर्यंत पोचलं ते मात्र ‘झिंगाट’. त्या उन्हाळ्यात असं एक लग्न नव्हतं जिथे ते वाजलं नाही. पुढे २०१८ मध्ये ‘धडक’साठी त्याचं हिंदी झालं. मला ते गाणं आवडतं आणि मी त्यावर नाचते, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून कोणी मला सोवळी ठरवेल.

कारण पुढची गोष्ट डीजेची आहे. आमच्याकडे डीजे म्हणजे माणूस नव्हे. मालवाहू गाडीवर रचलेली स्पीकरची भिंत. लग्नाची वरात, गणपती, जयंती, दुर्गादेवीचं विसर्जन, सगळीकडे तीच. यवतमाळचा दुर्गोत्सव कोलकात्याच्या खालोखाल, असं आम्ही यवतमाळकर पाहुण्यांना ऐकवतोच; त्या मिरवणुकांत उभं राहिलं की छातीचा पिंजरा थरथरतो. का थरथरतो, हे मला भौतिकशास्त्र शिकणाऱ्या भावाने समजावलं. ५० हर्ट्झच्या खोल आवाजाची एकेक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. ती भिंतीला फारशी जुमानत नाही, खिडक्या हलवत घरात शिरते. उलट ‘स’, ‘श’, ‘च’, ‘त’ ही व्यंजनं, ज्यांच्यामुळे शब्द शब्द म्हणून ओळखू येतो, ती दोन-चार हजार हर्ट्झच्या वरच्या पट्टीत राहतात आणि दुबळी असतात. खालचा आवाज फार वाढला की आपल्या कानातच तो वरच्याला झाकून टाकतो. म्हणून गाडीमागे चालताना ठेका कळतो, चाल अर्धीमुर्धी कळते, शब्द गडप. नियम आहेत: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. यावर दरवर्षी बातम्या येतात, त्यामुळे मी जास्त काही बोलत नाही.

मला खुपतं ते हे, की भीमजयंतीच्या मिरवणुकीतही आता तोच खोल ठोका असतो. ज्या गाण्यांचा सगळा जीव शब्दांत होता, त्यांचेच शब्द स्पीकरच्या भिंतीखाली गाडले जातात. गाणं तेच, गायक तोच, पण त्या आजींच्या नातवाला त्यातून गोलमेज परिषद कळणार नाही. आणि वरातीत डफडं वाजवणारी, सनई फुंकणारी माणसं होती त्यांचं काय झालं, हे विचारायला कोणाला वेळ नाही. काहींनी बॅंडचा गणवेश चढवला. बाकीचे मजुरीला गेले.

भुलाबाईच्या गाण्यांची तऱ्हा थोडी निराळी. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर पोरींनी टिपऱ्या घेऊन घरोघर गाणी म्हणायची आणि झाकलेली खिरापत ओळखायची. सासर-माहेरचे टोमणे, सुनेची घुसमट, सगळं त्या गाण्यांत बिनबोभाट बोलता यायचं. आता मोबाईल लहान स्पीकरला जोडतात, गाणं कोणीतरी दुसरीच म्हणते, आमच्या पोरी टिपऱ्या तेवढ्या आपटतात. इथे शब्द अगदी स्पष्ट ऐकू येतात, फक्त म्हणायचे राहिले.

तरीही यंत्राने सगळं वाटोळं केलं असं म्हणणं अन्यायाचं होईल, कारण मला बंजारा मैत्रीण आहे. दिग्रसजवळच्या तांड्यातली. पुसद, दिग्रस, दारव्हा हा पट्टा बंजारा समाजाचा. मुख्यमंत्री झालेले वसंतराव नाईक पुसदजवळच्या गहुलीचे. तांड्याचं घरचं बोलणं गोरबोलीत, आणि होळीला डफावर लेंगी गाणी. पूर्वी तांड्याबाहेरच्या कानांना लेंगी म्हणजे नुसता गोंगाट. आता यूट्यूबवर गोरबोलीतल्या गाण्यांचा पूर आला आहे. तांड्यातलीच पोरं लिहितात, गातात, चित्रण करतात, आणि त्यांना कोणत्याही कंपनीचा उंबरा झिजवावा लागत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या तांड्यातून आलेला संजू राठोड २०२४ मध्ये ‘गुलाबी साडी’ घेऊन देशभर गाजला. त्या गाण्यावर शहरातल्या बायकांनी, परदेशातल्या पोरांनी रील केले. मैत्रीण ते अभिमानाने लावते. फक्त मी तिला एकदा म्हटलं, की ते गाणं मराठीत आहे, तुमच्या बोलीत नाही. तांड्यातल्या पोराला जग जिंकायला मराठी घ्यावी लागते, जशी मराठी गाण्याला हिंदी घ्यावी लागली. तिला हे पटलं नाही. बोली घरात राहते, गाणं बाजारात जातं, त्यात काय बिघडलं, असं तिचं म्हणणं.

जिल्ह्याच्या दक्षिणेकडे, झरी जामणी आणि केळापूरच्या कोलाम पोडांत, म्हणजे वस्त्यांत, हाच प्रश्न जास्त नाजूक होतो. कोलाम हा राज्यातल्या तीन विशेष दुर्बल आदिवासी गटांपैकी एक. बाकीचे कातकरी आणि माडिया गोंड. कोलामी भाषा द्राविड कुळातली, तेलुगू-गोंडीच्या नात्यातली, मराठीहून पार वेगळी. दिवाळीच्या दिवसांत या भागात आणि सीमेपलीकडच्या आदिलाबादेत दंडार निघते. ढोल वाजतात, मोरपिसांचे भले मोठे टोप घालून घुसाडी नाचतात, एका गावचे लोक दुसऱ्या गावचे पाहुणे होतात. ते पाहायला गेलेले अनेक जण मोबाईलवर मोरपिसंच टिपतात. मी स्वतः पाहिलेल्या चित्रफितींत नाच होता आणि त्यावर चिकटवलेलं भलतंच हिंदी गाणं होतं.

हे सगळं मी होळीच्या दिवशी मैत्रिणीला तिच्या तांड्यात बसून ऐकवत होते. चौकात डीजेवर लेंगी चालली होती, एक शब्द कळेल तर शपथ. मी म्हटलं, बघ, शब्द गेले. ती हसली. डीजे बारा-एकला बंद होतो, मग म्हातारी माणसं डफ घेऊन बसतात आणि पहाटेपर्यंत म्हणतात, हे तिने सांगितलं. “शब्द कुठी गेले नाहीत व,” ती म्हणाली, “तूच लवकर झोपून जाते.”